मेसनरी हीटरची चाचणी: फायरबॉक्स तोच, लाकूड तेच, आकडे मात्र दर वेळी वेगळे

तक्रार ठरलेली असते. फायरबॉक्स (लाकूड जळतं तो कप्पा) तोच, लाकूड त्याच थप्पीतलं, वजनही तेवढंच. पहिल्या जळणीत लाकडाच्या किलोमागे धुरातून १.२ ग्रॅम कण निघतात, दुसऱ्या जळणीत २.१, तिसरीत १.५. कार्यक्षमता एकदा ८४ टक्के येते, एकदा ७८. मग कोणीतरी हवेची फट बोटभर रुंद करतं, पुढच्या जळणीत आकडा १.१ येतो आणि सगळे त्या फटीला श्रेय देऊन मोकळे होतात. त्यानंतरच्या जळणीत फट तेवढीच, आकडा १.९.

माझं मत आधीच सांगून टाकतो: अशा वेळी विटांवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी चाचणी तपासावी. छिन्नी-हातोडी हातात घेण्यापूर्वी करायच्या गोष्टी खाली दिल्या आहेत. साधारण याच क्रमाने जा, कारण सुरुवातीच्या तपासण्या फुकट आणि झटपट होतात.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मेसनरी हीटर म्हणजे विटा-दगडांचं टनाच्या मापातलं बांधकाम. त्यात लाकडाची एक भर दीड-दोन तासांत जोरात जाळायची, गरम धूर आतल्या वळणांतून फिरवून उष्णता बांधकामात मुरवायची आणि पुढचे १२ ते २४ तास ती हळूहळू खोलीत येऊ द्यायची. लोखंडी स्टोव्ह तासन्‌तास एका लयीत चालवता येतो, इथे मात्र स्थिर अवस्था अशी येतच नाही. धुरातला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून भरभर उतरून ८-१० वर येतो, थोडा वेळ तिथे रेंगाळतो आणि निखारे उरले की परत १९-२० कडे चढतो. चाचणीतली निम्मी डोकेदुखी या चढउताराची आहे.

फरक आहे तरी किती?

वरचे तीन आकडे घ्या: १.२, २.१, १.५. सरासरी १.६. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप, साधारण ०.४६. तीनच जळण्या असताना ९५ टक्के खात्रीची पट्टी काढायची तर संख्याशास्त्रातल्या टी-कोष्टकातला गुणक ४.३ घ्यावा लागतो, आणि पट्टी येते १.६ अधिक-उणे १.१. म्हणजे खरी सरासरी ०.५ असू शकते आणि २.७ सुद्धा. फट रुंद केल्यावर आलेला १.१ हा आकडा या पट्टीत आरामात बसतो. त्यावरून फट चांगली की वाईट, काहीच सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम: काहीही न बदलता जळण्या करा आणि आपल्या चाचणीचा स्वतःचा पसारा किती ते लिहून ठेवा. हे कंटाळवाणं आहे आणि कोणी करत नाही. पण पसारा माहीत नसेल तर पुढची प्रत्येक 'सुधारणा' म्हणजे नुसता अंदाज.

दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहताय का?

तसं असेल तर बिघाड शोधण्याआधी एकक बघा. २० किलो लाकूड, किलोमागे २ ग्रॅम कण, म्हणजे एकूण ४० ग्रॅम. जळण दोन तासांची धरली तर तासाला २० ग्रॅम. उष्णता २४ तास मिळते असं धरलं तर तासाला १.७ ग्रॅम. हीटर एकच, धूर एकच. अमेरिकेत पर्यावरण खात्याची लाकडी स्टोव्हसाठीची मर्यादा १५ मे २०२० पासून तासाला २.० ग्रॅम आहे (ओंडक्यांनी चाचणी घेतल्यास २.५), पण २०१५ च्या त्या नियमावलीत मेसनरी हीटर बाहेरच ठेवले गेले. तासाच्या मापात हा प्रकार नीट बसत नाही. आपसात बोलताना ग्रॅम प्रति किलो हेच माप ठेवा, आणि किलो कोरड्या लाकडाचा की ओलाव्यासकट, हेही लिहा.

कण कसे पकडले याने तर आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तापवलेल्या फिल्टरमधून गरम धूर ओढला तर डांबरी वाफा वाफेच्याच रूपात निसटून जातात, फिल्टरवर काजळी आणि राख तेवढी उरते. धूर आधी भरपूर थंड हवेत मिसळून मग गाळला, म्हणजे डायल्यूशन टनेलची पद्धत वापरली, तर त्या वाफा थिजून कण होतात आणि वजनात धरल्या जातात. लाकूड नीट जळत नसेल तेव्हा दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट येऊ शकतो. युरोपातल्या मिलिग्रॅम प्रति घनमीटरच्या आकड्याला अमेरिकेतल्या ग्रॅमच्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी हा प्रश्न विचाराच.

कार्यक्षमतेचंही तेच. लाकडातल्या हायड्रोजनचं पाणी होतं आणि ओलाव्याची वाफ होते. त्या वाफेतली उष्णता हिशेबात धरायची की नाही, यावर आकडा ठरतो. वजनाच्या २० टक्के पाणी असलेल्या लाकडात हा फरक एकूण उष्णतेच्या सुमारे साडेनऊ टक्के होतो. त्यामुळे युरोपीय रीतीने, म्हणजे निव्वळ उष्मांकावर (वाफेतली उष्णता न धरता), ८५ टक्के असलेला हीटर एकूण उष्मांकावर (ती धरून) ७७ टक्क्यांचा दिसतो. हातातल्या अॅनालायझरचं (धुरातले वायू मोजणाऱ्या यंत्राचं) सेटिंग एकदा कोणी बदललं असेल तर 'हीटर अचानक बिघडला' असं वाटायला एवढं पुरतं.

कार्यक्षमता घसरली, पण कार्बन मोनॉक्साइड जागेवरच आहे

हे लक्षण दिसलं की माझा हात थेट नमुन्याच्या नळीकडे, म्हणजे धुराड्यातून यंत्राकडे धूर नेणाऱ्या नळीकडे जातो.

नळीला, पाणी धरणाऱ्या भांड्याच्या झाकणाला किंवा प्रोबच्या (धुराड्यात खुपसलेल्या नळीच्या) जोडाला बारीक गळती असेल तर पंप धुराबरोबर खोलीतली हवाही ओढतो. खरा ऑक्सिजन १० टक्के असताना पडद्यावर १२ दिसतो. खरा कार्बन मोनॉक्साइड १००० पीपीएम (दशलक्षात १००० भाग) असताना ८१८ दिसतो. पण धुरात जास्तीची हवा किती मिसळली याने आकडा बदलू नये म्हणून आपण तो १३ टक्के ऑक्सिजनला आणून वाचतो, म्हणजे ८ ला (२१ वजा ऑक्सिजन) ने भागून त्या गुणकाने वाढवतो किंवा घटवतो. गळती नसताना १००० गुणिले ८ भागिले ११ म्हणजे ७२७. गळती असताना ८१८ गुणिले ८ भागिले ९, पुन्हा ७२७. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, त्यामुळे उत्सर्जनाच्या रकान्यात गळतीचा मागमूस राहत नाही.

कार्यक्षमतेच्या रकान्यात मात्र ती पकडली जाते. धुरातून जाणारी उष्णता काढताना तापमान खरं वापरलं जातं, कारण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) धुराड्यातच आहे. पण हवेचं प्रमाण खोटं, वाढीव वापरलं जातं. हानी ११ भागिले ९ इतक्या पटीने फुगते. १२ टक्के असायला हवी ती साडेचौदाच्या पुढे जाते. हीटरच्या बांधकामात, थर्मोकपलच्या आधी कुठे तडा असेल आणि तिथून हवा शिरत असेल तर असं होत नाही: हवा मिसळते तसं तापमानही उतरतं, आणि हिशेबातली हानी जवळपास तेवढीच राहते. म्हणून ऑक्सिजन वाढलेला आणि तापमान जसंच्या तसं, अशी जोडी दिसली तर तडे शोधत बसू नका, नळी बघा.

तपासायची रीत सोपी आहे. प्रोबचं टोक बोटाने घट्ट बंद करा. पंपाचा आवाज लगेच जड झाला पाहिजे आणि प्रवाहाचा काटा शून्याकडे गेला पाहिजे, किंवा यंत्राने प्रवाह अडल्याची सूचना दिली पाहिजे. पंप निवांत चालू राहिला तर हवा दुसरीकडून येते आहे. मग टोकाकडून यंत्राकडे एकेक जोड चिमटून पाहत या. पाणी धरणाऱ्या भांड्याचं रबरी कडं सगळ्यात जास्त दगा देतं: भांडं रिकामं करून घाईत परत बसवताना त्याला पीळ पडतो किंवा राखेचा एक कण खाली अडकतो. वरून सगळं ठीक दिसतं.

पुष्कळ जण ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची बेरीज बघून निर्धास्त होतात. लाकडासाठी कोरड्या धुरात ही बेरीज साडेवीसच्या आसपास राहते, हे खरं. पण हवा मिसळल्याने बेरीज जवळजवळ बदलत नाही, दोन्ही आकडे त्याच रेषेवरून सरकतात. त्यामुळे या बेरजेने गळती सापडत नाही. सेन्सर भरकटलाय का एवढंच कळतं. तेही यंत्र कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजत असेल तरच. हातात धरायची बरीच यंत्रं फक्त ऑक्सिजन मोजतात आणि दुसरा आकडा त्यावरून गणिताने काढून दाखवतात. तिथे बेरीज कायम बरोबरच येणार.

सेन्सरबद्दल थोडक्यात. रासायनिक ऑक्सिजन सेल दोनेक वर्षांत थकतो. कार्बन मोनॉक्साइडचा सेल हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो, आणि लाकूड अर्धवट जळताना हायड्रोजन भरपूर असतो. म्हणून हायड्रोजनची भरपाई करणाराच सेल घ्या. प्रत्येक जळणीच्या आधी आणि नंतर मोकळ्या हवेत यंत्र धरा. ऑक्सिजन २०.९ आणि कार्बन मोनॉक्साइड शून्य यायला हवा. नंतरचं वाचन आधीच्याशी जुळत नसेल तर मधली जळण बाद.

एकाच नोंदीतून दोन उत्तरं

यंत्र ठीक आहे, नोंदी ठीक आहेत, तरी दोन जणांनी काढलेले आकडे दुपटीने वेगळे येतात. हे सरासरीचं प्रकरण आहे, आणि इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

समजा जळण ९० मिनिटांची. पहिली ६० मिनिटं ज्वाळा आहेत: ऑक्सिजन १०, कार्बन मोनॉक्साइड ६००. शेवटची ३० मिनिटं निखारे आहेत: ऑक्सिजन १८.५, कार्बन मोनॉक्साइड १५००. पहिल्या माणसाने प्रत्येक वाचन आधी १३ टक्क्यांना आणलं आणि मग सरासरी काढली. ज्वाळांच्या टप्प्यात ४३६, निखाऱ्यांच्या टप्प्यात ४८००, वेळेनुसार सरासरी १८९१ पीपीएम. दुसऱ्याने आधी दोन्ही वायूंची सरासरी काढली, ९०० आणि १२.८३, आणि शेवटी एकदाच गुणक लावला. उत्तर ८८१.

युरोपीय संघाच्या इकोडिझाइन नियमात (१ जानेवारी २०२२ पासून लागू) बंद दाराच्या, ओंडके जाळणाऱ्या हीटरला १३ टक्के ऑक्सिजनला घनमीटरमागे १५०० मिलिग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, म्हणजे १२०० पीपीएम. पूर्णपणे जागेवर बांधलेल्या हीटरना तो नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून ठीक आहे. एका हिशेबाने हीटर नापास, दुसऱ्याने आरामात पास. नोंदवही एकच.

बरोबर दुसरा आहे, धुराचा प्रवाह दोन्ही टप्प्यांत साधारण सारखा असेल तर. निखाऱ्यांच्या अर्ध्या तासात लाकडातला कार्बन फारच थोडा जळत असतो, पण पहिल्या रीतीत त्या अर्ध्या तासाला ज्वाळांच्या अर्ध्या तासाइतकंच वजन मिळतं. खरं तर वजन मिळायला हवं जळलेल्या कार्बनला. प्रवाह मोजता येत असेल तर दर मिनिटाचा प्रवाह गुणिले वाचन अशी बेरीज करा. नसेल तर दुसऱ्या रीतीने चाला आणि तसं लिहून ठेवा.

त्यात भर म्हणजे शेपटीकडे, निखाऱ्यांच्या टप्प्यात, गुणकच हाताबाहेर जातो. ऑक्सिजन १९.५ असताना तो ५.३ असतो. सेन्सर फक्त ०.३ ने चुकला तर ४.४ किंवा ६.७. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा सेल ऑक्सिजनच्या सेलपेक्षा मागाहून जागा होतो, त्यामुळे झपाट्याने बदलणाऱ्या मिनिटांत दोन्ही वाचनं एकाच क्षणाची नसतात. वाचनागणिक गुणक लावला की ही विसंगतीही त्याच पटीने फुगते.

चाचणी कधी संपली, हाही याच घोळाचा भाग. एकाने ज्वाळा विझल्यावर थांबवली, दुसऱ्याने निखारे काळे पडेपर्यंत चालवली, तर कार्बन मोनॉक्साइड, कार्यक्षमता आणि उरलेला कोळसा तिन्ही वेगळे येणार. थांबायचा नियम आकड्यात ठरवा, उदाहरणार्थ कार्बन डायऑक्साइड अमुक टक्क्यांखाली सलग अमुक मिनिटं, आणि तो मोडू नका. मग जाळीवरचा कोळसा खरडून वजन करा. अर्धा किलो कोळसा म्हणजे सुमारे १५ मेगाज्यूल. २० किलो लाकडाची निव्वळ उष्णता सुमारे २८५ मेगाज्यूल धरली तर पाच टक्के हिशेब तिथेच पडलेला असतो. स्टोव्ह तराजूवर ठेवून जळताना घटणारं वजन बघता येतं, ही टनावारी वस्तू तशी ठेवता येत नाही; म्हणून उरलेल्या कोळशाकडे काणाडोळा परवडत नाही.

आणखी एक, जरा कठोर शब्दांत. कार्यक्षमता फुगवण्यासाठी निखारे लाल असतानाच डॅम्पर (धुराड्यातली झडप) लावून टाकणारे लोक आहेत. धुराड्यातून हवा वाहणं थांबतं, आकडा देखणा दिसतो, आणि निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. चाचणीच्या खोलीत अलार्म नसेल तर चाचणी करूच नका.

लाकूड 'तेच' आहे का?

थप्पी एक म्हणून लाकूड एक, असं नसतं. बाहेरच्या रांगेतलं वाळलेलं, आतल्या रांगेतलं दमट. दोन टोचणींचं मीटर ओंडक्याच्या पृष्ठभागावर लावलं तर हमखास कमी दाखवतं. ओंडका मधोमध फोडून ताज्या फाकीवर, रेषांच्या दिशेने टोचायचं. लाकडाची जात आणि तापमान मीटरला सांगायचं. ३० टक्क्यांच्या वर आणि ६-७ च्या खाली अशा मीटरवर भरवसा ठेवायचा नाही. अधूनमधून एक चकती कापून १०३ ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा आणि मीटरला तिच्याशी ताडून पाहा.

मीटर बहुधा कोरड्या वजनावर टक्केवारी देतं, तर उष्णतेच्या हिशेबात ओल्या वजनावरची लागते. मीटरवर २५ म्हणजे ओल्या वजनावर २०. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी घातले की कोरड्या लाकडाचं वजन चुकतं, आणि त्यावर उभा असलेला प्रत्येक रकाना चुकतो.

आता मुद्दा लोकांना पटत नाही असा. जितकं कोरडं आणि बारीक फोडलेलं, तितकं स्वच्छ जळेल, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. १० सेंटिमीटर चौकोनी, ५० सेंटिमीटर लांब ओंडक्याच्या बाजूंचा पृष्ठभाग २००० चौरस सेंटिमीटर. त्याच्याच चार फाका केल्या तर ४०००. वजन तेच, पण वायू सुटायला जागा दुप्पट. सगळी भर एकदम पेट घेते, ऑक्सिजन ४-५ टक्क्यांवर कोसळतो, ज्वाळा हवेसाठी तडफडतात आणि धुराड्यातून काळा धूर निघतो. कार्बन मोनॉक्साइड यंत्राच्या मापाबाहेर जातो. फायरबॉक्स बिचारा निर्दोष. म्हणून वजनाबरोबर तुकड्यांची संख्या, जाडी आणि रचनाही लिहा. रचनेचा वरून एक फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं; कुठला ओंडका कुठल्याला टेकला होता हे नंतर आठवत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

कणांच्या आकड्यातला पसारा बऱ्याचदा इथून येतो. थंड विटा, थंड धुराडं, धूर वर खेचणारी पण अजून न जमलेली ओढ: या वेळी सुटलेल्या वाफा जळत नाहीत, नुसत्या वर जातात. काटक्या खाली आणि ओंडके वर अशी रचना असेल तर खालची आग वरचं थंड लाकूड शेकत बसते आणि पांढरा धूर निघतो. वरून पेटवलं तर सुटणाऱ्या वायूला वरच्या ज्वाळेतून जावंच लागतं. पण वरून पेटवायचं ठरवलं तरी काटक्यांचं वजन, त्यांची जागा आणि दार किती वेळ फटीएवढं उघडं ठेवलं, हे दर वेळी एकच हवं. काटक्या चिमूटभर कमी पडल्या आणि आग मध्येच मंदावली, तर बाकीचा दीड तास कितीही सुंदर जळो, फिल्टर आधीच भरलेला असतो.

फायरबॉक्स सुरुवातीला किती गरम होता हेही लिहा. आदल्या जळणीची ऊब उरलेला हीटर आणि कित्येक दिवस थंड पडलेला हीटर यांची तुलना करू नका. नव्या बांधकामाची तर अजिबातच नाही: विटा आणि मॉर्टरमधलं पाणी उडून जाईपर्यंत उष्णता त्यातच खर्च होते.

फिल्टर वजन करण्याआधी डोळ्यांनी बघा, नाकाजवळ धरा. पिवळट-तपकिरी, चिकट, डांबराचा वास येणारा डाग म्हणजे वाफा न जळता निघून गेल्या. पेटवणं किंवा ओलावा तपासा. मखमली काळा म्हणजे ज्वाळा होती, पण तिला हवा पुरली नाही किंवा ती थंड विटेवर आपटून विझली. फिकट राखाडी, बिनवासाचा थर म्हणजे मुख्यतः लाकडातल्या क्षारांची राख, आणि त्याखाली उतरायला फारशी जागा उरलेली नाही. दोन जळण्यांचा आकडा सारखा पण रंग वेगळा असेल, तर त्या दोन सारख्या जळण्या नव्हेत.

वजनाचं काम चिकाटीचं आहे. फिल्टरवर ५ मिलिग्रॅम माल असेल आणि हवेतल्या दमटपणाने अर्धा मिलिग्रॅम चढला तर दहा टक्के चूक तिथेच झाली. आधी आणि नंतर दोन्ही वेळा फिल्टर सिलिका जेलवर ठेवून, वजन स्थिर झाल्यावरच नोंद करा. एक कोरा फिल्टर सोबत ठेवा, तोही तसाच हाताळा. त्याचं वजन हललं तर बाकीच्यांचंही हललंय. प्रोबच्या आत चिकटलेला माल अॅसिटोनने धुऊन मोजायचा असतो, तो सोडून दिला तर आकडा खोटाच छान येतो. डायल्यूशन पद्धतीत फिल्टरपाशी ३२ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, वाफा निसटतात. शक्य असेल तर दोन नमुना-मार्ग समांतर चालवा. एएसटीएम ई२५१५ या कण मोजण्याच्या अमेरिकन प्रमाण पद्धतीत अशी जोडी असते, आणि दोन्ही उत्तरं सरासरीपासून साडेसात टक्क्यांच्या आत असणं ही कसोटी धरतात. दोन मार्ग आपसात जुळतात पण जळण्या जुळत नाहीत, असं दिसलं की मोजणी सुटली आणि आग अडकली.

ओढ

हवामान बदललं की ओढ बदलते. पाच मीटर धुराडं, आत १५० अंश, बाहेर शून्य: तात्त्विक ओढ २२ पास्कलच्या आसपास. बाहेर २० अंश असतील तर १८. प्रवाह वर्गमुळाने बदलतो, म्हणजे दहा-अकरा टक्के. वारा वेगळाच. खोलीत धूर ओढणारा पंखा चालू असेल तर तो धुराड्याशी रस्सीखेच करतो. ओढ सलग नोंदवा आणि डॅम्परने दर वेळी एकाच आकड्यावर आणा. स्टोव्हच्या युरोपीय चाचण्यांत १२ पास्कल धरतात.

एवढं करून आकडे जुळले, आणि तरी वाईटच आहेत

आता फायरबॉक्सकडे वळा. ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे आलेख एकाखाली एक ठेवा.

मधोमध ऑक्सिजन ६ च्या खाली आणि तिथेच कार्बन मोनॉक्साइडचा सुळका असेल तर हवा कमी पडते आहे किंवा लाकडातून वायू फार वेगाने सुटतोय. फट वाढवण्याआधी भर थोडी कमी करून, ओंडके जाडे घेऊन पाहा. त्याला खर्च नाही. फट वाढवायचीच तर ती ज्वाळेच्या उंचीवर वाढवा. खालून जास्त हवा दिली तर निखारे भडकून लाकडातला वायू आणखी वेगाने सुटतो, आणि दुखणं वाढतं.

ऑक्सिजन १३-१४ च्या खाली कधी उतरतच नाही आणि तरी कार्बन मोनॉक्साइड जास्त, तर हवा कमी नाही, ती नको तिथून येते आहे. ज्वाळेला न भेटता काचेजवळून किंवा दाराच्या दोरीच्या (कडेने हवा अडवणाऱ्या पट्टीच्या) फटीतून वर निघून जाते आणि जाता जाता ज्वाळा थंड करते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर दोरी बदलायला झाली. दार चांगलं असेल तर फायरबॉक्सच्या मानेकडे, म्हणजे ज्वाळा वर जाते त्या अरुंद तोंडाकडे बघा. मान फार रुंद असली तर वायू आणि हवा घुसळल्याशिवायच वर सरकतात. आतल्या अस्तरामागे इन्सुलेशनचा थर दिल्यानेही इथे फरक पडतो, कारण भिंत लवकर तापते.

बदल एका वेळी एकच, आणि सैल विटेने किंवा पत्र्याच्या पट्टीने, म्हणजे तो उलटवता येईल. बदल करा, मोजा, उलटवा, परत मोजा. उलटवल्यावर आकडा जुन्या जागी परत आला तरच बदलाला श्रेय.

आणि सुळका फक्त शेवटी, निखाऱ्यांच्या टप्प्यात असेल तर ज्वाळेच्या हवेशी खेळून काही मिळणार नाही. कोळशाला खालून थोडी हवा हवी असते. तुमच्या फायरबॉक्सला जाळी असेल तर ती वर काढून उजेडात धरा. भोकं राखेच्या वितळून घट्ट झालेल्या गोळ्यांनी बुजलेली असतील तर ती मोकळी करून पुढची जळण करा. जाळी नसेल तर ज्वाळा संपत आल्यावर निखारे पुढे, हवेच्या वाटेवर ओढून घ्या. दर वेळी त्याच मिनिटाला, आणि ते मिनिट वहीत लिहा.